हाताला बसेल असा हूक

३ मार्च, मंगळवार

आज स्वतःच्याच घराबाहेर पाऊण तास उभी राहिले. चावी कुलपात गेली, अर्धी फिरली आणि रुसून बसली. समोरच्या दारातून धाकटी बाहेर आली, तिनेही फिरवून पाहिली, मग खालच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याला बोलावलं. धाकटी म्हणजे माझी बहीण नव्हे. ऑपरेशन थिएटरमध्ये ती बावीस वर्षं माझ्या हाताखाली होती, म्हणून धाकटी. मी निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत तिनेही नोकरी सोडली, आणि माझ्याच मजल्यावर घर घेतलं. का सोडली, विचारलं तर म्हणाली, कंटाळा आला. सवयीचं माणूस, दुसरं काय.

कुलूपवाला पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा, बोलायला लागला की न थांबणारा. मी मनात म्हटलं, हा आता दार फोडणार. त्याने खिशातून एक कापडी गुंडाळी काढली, तिच्यातली एक वाकडी पट्टी आणि एक बारीक हूक कुलपाच्या तोंडात घातला आणि बोलायचा एकदम थांबला. मान तिरकी, नजर भलतीकडे. चार मिनिटांत दार उघडलं. असे हात मी चौतीस वर्षांत दोनच माणसांचे पाहिले. एक आमचे कानाचे सर्जन, आणि दुसरी मी.

हे शिकता येतं का, मी विचारलं. "मावशी, या वयात कशाला?" म्हणाला. मी त्याला सांगितलं, मी तुमची मावशी नाही, आणि प्रश्न वयाबद्दल नव्हता.

५ मार्च, गुरुवार

त्याचं दुकान म्हणजे दीड माणूस मावेल एवढी जागा आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या. मी गेल्या गेल्या तो 'मॅडम' म्हणाला. माणूस शिकतो.

आधी त्याने दोन नियम सांगितले. कुलूप स्वतःच्या मालकीचं हवं, आणि ते दाराला लावलेलं नको. वापरातल्या कुलपावर सराव करायचा नाही, कधी बिघडेल सांगता येत नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही तेच होतं, जिवंत माणसावर सराव नाही. त्यानंतर तो जरा बिचकूनच बोलत होता.

कुलपाच्या पोटात ओळीने पाच पिना असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर स्प्रिंग. पट्टीने कुलपाला हलका पीळ देऊन ठेवायचा आणि हुकाने एकेक पिन आपापल्या उंचीला उचलायची. पाचही बसल्या की कुलूप फिरतं. एक राहिली तरी फिरत नाही, पीळ जास्त झाला तरी नाही. बोटांच्या टोकांना काय कळतं, एवढाच सगळा खेळ.

तो म्हणाला, नवशिक्याला दोन हूक आणि एक पट्टी पुरते. हुकांतला एक आखूड, एक थोडा उंच. त्याने ते काउंटरवर ठेवले. दिसायला अगदीच दरिद्री. शेजारी चामड्याच्या पाकिटात तीस नगांचा चकचकीत संच होता, आणि मी तो उचलला. चौतीस वर्षं ट्रे लावलेल्या बाईला उपकरणं निवडायला कुलूपवाल्याने शिकवू नये. ट्रेमध्ये कमी असलं की ऐनवेळी फजिती होते, जास्त असलं तर होत नाही.

धाकटीला संच दाखवला. नेहमी माझ्या नव्या गोष्टींवर नाक मुरडते, आज म्हणाली, "छान आहे, ताई. रोज करा. बोटांना व्यायाम होईल." माझ्या बोटांना व्यायाम कशाला हवा, ते विचारायचं राहिलं.

९ मार्च, सोमवार

तीस नगांचा संच फसवा निघाला. त्यातले वीस हूक कशाला आहेत हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसणार. कडा खरखरीत, पिनेवरून सरकायच्या ऐवजी अडकतात. पॉलिश पेपरने दोन दिवस घासले, तेव्हा कुठे जरा गुळगुळीत झाले. मूठ तर इतकी पातळ, की बोटांना कळायच्या आत हूक निसटलेला असतो. आज अकरा वेळा जमिनीवरून उचलला. थिएटरमध्ये असतं तर अकरा वेळा निर्जंतुक करावा लागला असता.

सकाळी कपही निसटला. नव्या कपांचे कान कुठल्या मापाच्या बोटांसाठी करतात देव जाणे. धाकटी हल्ली मला चहा अर्धाच कप देते. निवृत्तीनंतर माणूस असा चिकट होतो.

१४ मार्च, शनिवार

दुकानात गेले आणि ते दोन दरिद्री हूक घेऊन आले. कुलूपवाला नेहमीसारखंच 'या मॅडम' म्हणाला, हे जास्त लागलं.

निवड मात्र या वेळी मी माझ्या पद्धतीने केली. डोळे मिटून एकेक हातात धरला. पातळ पोलादाचा हूक म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरचं हत्यार, पिन हलली की कळवतो, पण जोर दिला की वाकतो. जाड हूक हाडांच्या डॉक्टरचा, वाकत नाही, पण अरुंद कुलपात सगळी जागा तोच खातो. दोन्ही मापांत मी मधल्या जाडीचा घेतला. मुठीवर त्याने रबरी नळी चढवून दिली. हातात भरायला हवी मूठ, नाहीतर पकडण्यातच लक्ष जातं.

सरावाला एक पारदर्शक कुलूप दिलं आहे, आतल्या पिना दिसतात. पहिल्या तीन बसतात. चौथीला हात लावला की आधीच्या तिन्ही खाली. पीळ एकसारखा राहत नाही. पट्टीचा दोष, फार लवचिक आहे. दुसरी मागवली.

धाकटीने टेबलावरची ही वही लांबून पाहिली आणि म्हणाली, "ताई, अक्षर किती बारीक झालंय तुमचं." मी म्हटलं, कागद वाचतो. ननबाईंच्या शाळेत रोज पानभर लिहावं लागायचं, खोडलं तर बोटांवर पट्टी बसायची. माझं अक्षर कसं असावं हे ठरवून झालं आहे.

जाता जाता ती स्वयंपाकघरात शिरली आणि दूध करपलंय म्हणून ओरडली. मला वास आला नाही. हल्ली कशालाच वास राहिलेला नाही, साबणालासुद्धा.

२१ मार्च, शनिवार

उघडलं.

धाकटी दुकानावरून कुलूप घेऊन आली. खरं पितळी कुलूप, पारदर्शक खेळणं नव्हे. 'नवशिक्यांसाठी बरं आहे' असं कुलूपवाल्याने सांगितलं म्हणे. मी सकाळी दहाला खिडकीपाशी बसले. मधला हूक, नवी ताठ पट्टी. एक पिन टिचकन बसली, मग दुसरी, आणि दहा वाजून वीस मिनिटांच्या आत अख्खं कुलूप माझ्या बोटांखाली फिरलं. असं वाटलं की कुणीतरी आतून दार उघडून 'या' म्हणालं.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, पूस ते, टेबलावर कुणी दगावलेलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

चार कुलपं झाली. प्रत्येक धाकटीच आणून देते, प्रत्येक आधीच्यापेक्षा अवघड आहे असं सांगते, आणि मी प्रत्येक उघडते. कुलूपवाला माझं कौतुक करतो तेव्हा माझ्याकडे बघत नाही, चाव्यांकडे बघतो. आपल्याहून वरचढ विद्यार्थी निघाला की असं होतंच.

नवशिक्यांसाठी मी माझे नियम या वहीत लिहून ठेवते आहे. संच घेऊ नका, दोन हूक घ्या. मूठ आधी बघा, टोक नंतर. चकाकी म्हणजे पॉलिश नव्हे, कडेवरून नख फिरवून बघा. हूक कुलपाच्या तोंडापेक्षा बारीक असावा, हलवायला जागा उरली पाहिजे. आणि जमत नसेल तर आधी हत्यार बदला. हात बदलता येत नाहीत.

१ एप्रिल, बुधवार

इस्पितळाच्या प्रशिक्षण विभागाला नव्या नर्सेसना उपकरणं शिकवायला ज्येष्ठ, निवृत्त थिएटर सिस्टर हवी आहे. आठवड्यातून तीन दिवस. मी दुपारीच अर्ज देऊन आले.

इथे लिहायला हरकत नाही: मला ते थिएटर परत हवं आहे. मी निवृत्त झाले नाही, मला घालवलं. शेवटचं वर्ष मला कपड्यांच्या कोठारात बसवलं. चादरी मोजायला. 'ज्येष्ठतेचा मान' म्हणाले. कुणी केलं ते मला ठाऊक आहे. मुख्य सर्जनने एकदा रागात चिमटा फेकला, तो मी त्यालाच उचलायला लावला. त्याने ते मनात ठेवलं. वर्षभर चादरी मोजल्या आणि छप्पन्नाव्या वर्षी, दोन वर्षं आधीच, राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवून आले. आज तीन वर्षं होऊन गेली, तो माणूस समोरून आला तर मी रस्ता बदलते.

धाकटीला अर्जाचं सांगितलं. आनंद होईल वाटलं होतं. तिने भांडं इतका वेळ घासलं की कल्हई निघाली असती. मग म्हणाली, कुलपांत तर चांगलं मन रमलंय तुमचं. मी म्हटलं, कुलपांनीच तर सिद्ध केलं की हे हात अजून कामाचे आहेत. त्यावर तिने नळ सोडला.

११ एप्रिल, शनिवार

पत्र आलं. दोन मे, सकाळी अकरा. मुलाखत आणि प्रात्यक्षिक. ट्रे लावायचा, मागितलं ते उपकरण द्यायचं, सुई धारकात बसवून द्यायची आणि शेवटी मोजणी.

मोजणी हा आमचा धर्म. पोट शिवायच्या आधी टेबलावरची प्रत्येक सुई, प्रत्येक चिमटा दोघींनी मोठ्याने मोजायचा. एकीने आकडा म्हणायचा, दुसरीने स्वतः मोजून 'बरोबर' म्हणायचं. दुसरीचं ऐकू येईपर्यंत सर्जन हात लावत नाही. बावीस वर्षं माझ्यासमोर ती दुसरी म्हणजे धाकटी. एकदाच तिने घोळ घातला. मी सुया 'सात' म्हटलं, ही 'थांबा' म्हणाली. सगळे खोळंबले. शेवटी एक सुई हिरव्या चादरीच्या घडीत सापडली, हिच्याच हातून पडली असणार. मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. ती एक शब्द बोलली नाही.

आज पत्र वाचल्यावर मात्र तोंड सुटलं. जिन्यांची कारणं, उभं राहण्याची कारणं, लांबच्या बसची कारणं. मी म्हटलं, तू नेहमी माझ्या मागून चाललीस, आता मी पुढे जाते ते बघवत नाही का. ती उठून गेली. चहा अर्ध्यावर टाकून. अर्धा कपच होता, म्हणजे पाव टाकून.

१८ एप्रिल, शनिवार

धाकटीवर अवलंबून का राहावं. दुसऱ्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून स्वतःच एक साधं पितळी कुलूप आणलं. मुलाखतीआधी पाचवं उघडायचं.

२२ एप्रिल, बुधवार

उघडत नाही. चार दिवस झाले. मधला हूक, पातळ हूक, जाड हूक, ताठ पट्टी, लवचिक पट्टी. टपालाने आणखी एक संच मागवला, महागातला, ज्याच्या मुठीला बोटांसाठी खळगे आहेत. दोन पिना बसतात, कधी तीन. मग हातातून पीळ सुटतो आणि सगळ्या खाली.

गंमत अशी की धाकटीची चारही कुलपं मी आजही उघडते. म्हणजे हात ठीक आहे. हूक या कुलपाला लांबीने कमी पडत असणार. उद्या दोन्ही कुलपं खोलून आतल्या पिना शेजारी शेजारी ठेवते आणि हूक मापून घेते. खोलायचं कसं ते कुलूपवाल्याने शिकवलं आहे. मापल्याशिवाय आणखी हूक घेणार नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

दुपारी दोन वाजता टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला. हार्डवेअरवालं कुलूप खोललं. पाच पिना, पाच स्प्रिंगा. बशीत ठेवल्या, सवयीने मोठ्याने मोजल्या. मग धाकटीचं शेवटचं कुलूप खोललं, 'सगळ्यांत अवघड' ते.

दोन.

टॉवेल झटकला, मांडी पाहिली, गुडघ्यावर बसून टेबलाखाली पाहिलं. चौतीस वर्षांत आकडा चुकला की आम्ही हेच करत आलो, आधी जमीन. मग उरलेली तीन कुलपं खोलली. दोन. दोन. एकात एकच.

पाच भोकांपैकी तीन-चार रिकामी. कुणीतरी स्वच्छ, नीट, एकही ओरखडा न पाडता पिना काढून घेतल्या होत्या. कुणीतरी म्हणजे त्या गल्लीत एवढं काम येणारा एकच माणूस आहे.

तडक दुकानात गेले आणि कुलूप काउंटरवर ठेवलं. तो चाव्यांकडे बघायला लागला. मी म्हटलं, चाव्या पळून जात नाहीत, इकडे बघा. तेव्हा सांगितलं त्याने. त्यांनी विनंती केली, मॅडम. पहिल्यांदा 'एकदाच' म्हणाल्या. मग तुम्ही इतक्या खूश झालात की पुढचंही तसंच दिलं. मला नको वाटत होतं, पण त्यांनी हात जोडले.

माझ्यासाठी कुणी हात जोडले आहेत, हे मला कुलूपवाल्याकडून कळलं.

२४ एप्रिल, शुक्रवार

सगळं जसं घडलं तसं लिहिते. आता या वहीतच खरं राहिलं आहे.

सकाळी नऊला तिच्या दारात. हात पुसत आली. मी आत जाऊन बशी तिच्या टेबलावर ठेवली, दोन पिना आणि रिकामं कुलूप.

"मोज," मी म्हटलं.

तिने मोजलं नाही. खुर्ची ओढून बसली.

"दोन आठवडे ते हूक उचलताना तुमचा चेहरा बघत होते, ताई. मला बघवेना. एक उघडलं तर मन रमेल, एवढंच वाटलं."

"मग बाकीची तीन?"

"ते चुकलंच. तुम्ही परत थिएटरकडे वळाल हे माझ्या डोक्यात आलं नाही."

"का वळू नये मी?"

ती माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिली. मी तो टेबलाखाली घेतला. का घेतला, माहीत नाही.

मग तिने ते सांगितलं. त्या दिवशीची सुई तिच्या हातून पडली नव्हती. मी ती धारकात बसवताना माझ्या बोटांतून निसटली, आणि मला कळलंसुद्धा नाही. टेबलावर सहा होत्या, मी सात म्हटलं, कारण सात असायला हव्या होत्या. त्याआधीही दोनदा तिने माझ्या हातून पडलेलं पायाने हळूच बाजूला सारलं होतं. त्या दिवशी मात्र पोट उघडं होतं.

"म्हणून मेट्रनकडे मी गेले," ती म्हणाली. "सर्जननी काही केलं नाही. मीच गेले."

तीन वर्षं तो माणूस दिसला की मी रस्ता बदलत आले. तीन वर्षं संध्याकाळी या बाईच्या खुर्चीत बसून त्याचा उद्धार केला, आणि ही समोर बसून बिस्किटं पुढे करत होती.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. तिला ते ठाऊक आहे, मलाही आहे. पण मी म्हटलं, "न ऐकण्याची संधी तरी द्यायची होतीस. ती माझी होती."

ती रडायला लागली. मी थांबले नाही. दुसऱ्याच्या पापाची कबुली आपण द्यायची नसते, हे ननबाईंनी सातव्या वर्षी शिकवलं. हिने माझी कबुली परस्पर देऊन टाकली, आणि वर मला चादरी मोजताना बघायला जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यायची.

बावीस वर्षं ती समोर उभी राहून 'बरोबर' म्हणाली. त्यातली खरी किती, हे आता मी कुणाला विचारू?

२६ एप्रिल, रविवार

दाराशी डबा ठेवून गेली. मी पायाने तिच्या दारापर्यंत सरकवला. दुपारी पुन्हा माझ्या दाराशी होता. पुन्हा सरकवला. शेवटी तळमजल्यावरच्या मांजराने निकाल लावला.

२९ एप्रिल, बुधवार

आज काहीही हातात न घेता बसले. हूक नाही, पेन नाही. उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि घड्याळ समोर.

कामात असताना तो एवढा दिसत नाही. रिकामा ठेवला की दिसतो. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर हळूहळू फिरतात, गोळी वळल्यासारखे. मी थांब म्हटलं तर क्षणभर थांबतात. मग पुन्हा.

हे मी वॉर्डात शेकडो वेळा पाहिलं आहे. बारीक होत जाणारं अक्षर, वास न येणं, सगळं पाहिलं आहे. त्याला काय म्हणतात ते कुठल्याही पहिल्या वर्षाच्या पोरीला पाठ असतं. मी इथे लिहीत नाही.

टेबलावर आता सदतीस हूक आहेत. एकाचाही दोष नव्हता.

३० एप्रिल, गुरुवार

परवा जायचं की नाही. पत्र लिहून नकार कळवता येतो. 'अपरिहार्य कारणामुळे'. किंवा जायचं, औषधाच्या दुकानातून काहीतरी घेऊन हात तासभर दाबून ठेवायचा, प्रात्यक्षिक निभावून न्यायचं. मला जमेल. एका तासापुरतं मला काहीही जमतं. आणि मग जूनमध्ये एखादी पोर माझ्याकडे बघून शिकेल, की न मोजता सात म्हणायचं असतं.

धाकटीचं दार दोन दिवस बंद आहे. आत आहे. नळाचा आवाज येतो.

२ मे, शनिवार

गेले. काही घेतलं नाही.

समोर तिघं होते, मधली नवी मेट्रन, माझ्या वेळी तीन महिन्यांची उमेदवार होती. ट्रे झाकून ठेवला होता. कापड काढल्यावर मी आधी सांगितलं की कात्र्या उलट्या लावल्या आहेत. तिने सरळ केल्या. मग म्हणाली, "सिस्टर, सुरुवात करू या? सुई द्या."

मी हात ट्रेकडे नेला नाही. टेबलावर ठेवला, उताणा, त्यांच्यासमोर, आणि वाट बघितली. अर्धं मिनिट गेलं असेल. तिघंही नर्सिंगची माणसं. सांगावं लागलं नाही, तरी सांगितलं.

"हा हात सुई देण्याच्या लायकीचा नाही. चार वर्षांपूर्वीपासून नाही. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळायला हवं होतं, म्हणून आले."

मेट्रनच्या चेहऱ्यावर ती मऊ कळा आली, जी आम्ही नातेवाइकांसाठी राखून ठेवतो. मला ती सहन होत नाही. मी विचारलं, माझ्याआधी कुणाचा फोन आला होता का इथे. खरं सांगा.

"नाही," ती म्हणाली. गोंधळली होती. "कुणाचाच नाही. का?"

खोटं बोलत नव्हती. म्हणजे या वेळी धाकटी गेली नाही. माहीत असून, दोन दिवस दाराआड बसून राहिली आणि गेली नाही. हे इथे नोंदवणं न्यायाचं आहे. त्याने मागचं काही मिटत नाही, तेही नोंदवते.

त्यांनी चहा विचारला. मी नको म्हटलं. भरलेला कप होता.

७ मे, गुरुवार

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मी स्वतः घेतली होती, कुणाला न सांगता. साडेदहाला निघाले. जिन्यात दाराला कडी लागल्याचा आवाज आला, आणि धाकटी माझ्या मागे दहा पावलांवर चालायला लागली. कसं कळलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी थांबले की ती थांबायची. चपलेचा पट्टा नीट करायला लागायची, जो सुटलेला नव्हता. रस्ता सगळ्यांचा आहे.

दवाखान्यात मी भिंतीशी बसले. ती एक खुर्ची सोडून. मधल्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली. तासभर दोघी समोरचं कॅलेंडर वाचत होतो. एका म्हाताऱ्याने पिशवी उचलून बसू का विचारलं, तर ती चटकन म्हणाली, "जागा आहे तिथे कुणाची तरी." कुणाची, ते त्यालाही कळलं नाही, मलाही.

नाव पुकारलं तेव्हा दोघी उठलो. मी तिला बस म्हटलं. तेरा दिवसांत तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. ती बसली नाही.

डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. बोटं उघडमीट करायला लावली, चालायला लावलं, कागदावर एक ओळ लिहायला सांगितली आणि ती ओळ उजवीकडे लहान होत जाते तिकडे बघत राहिले. मग पेन घेऊन विचारलं, हे कधीपासून आहे.

"सहा महिने," मी म्हटलं. तोंडातून गेलंच.

मागून, दाराजवळून, अगदी हळू आवाज आला. "चार वर्षं, दोन महिने."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मागे वळले नाही. मानेवर तिची नजर मला जाणवत होती, आणि त्या 'थांबा'नंतर पहिल्यांदाच ती तिसऱ्या माणसापुढे, माझ्यासमोर, माझ्या कानावर पडेल असं, माझ्याविरुद्ध बोलली होती.

"ती सांगते ते लिहा," मी म्हटलं.

येताना ती पुन्हा दहा पावलं मागे होती. मी वेग कमी केला नाही. वाढवलाही नाही.